पाइपच्या बाहेरची वाट

उस्तादांनी टेबलावर तीन जाड पुस्तकं एकावर एक रचली, त्यांवर लॅपटॉप ठेवला आणि गुडघ्यात वाकून, एक डोळा मिटून बघितलं. पडदा अजून बोटभर खाली होता. त्यांनी कपाटातून चौथं पुस्तक काढलं.

"बाबा, पुरे आता. मला बोलायचंय, नेम नाही धरायचा," खारू म्हणाली.

"पडदा खाली असला की समोरच्याला नुसत्या नाकपुड्या दिसतात," ते म्हणाले, आणि टेबलाचा जो पाय हलत होता त्याखाली कागदाची घडी सारली.

तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या रिगवर ते एकतीस वर्षं ड्रिलर होते. यंत्राच्या ब्रेकवर ज्याचा हात असतो आणि ज्याच्या इशाऱ्यावर बाकीचे हलतात, तो ड्रिलर. उस्ताद हे नाव तिथलंच. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा नाव त्यांच्याबरोबर घरी आलं. उजवा कान मात्र तिकडेच राहिला. मुलीचं शाळेतलं नाव वेगळं होतं. पण लहानपणी ती फ्रॉकच्या खिशात, हातात आणि एकदा तर गालातही खडे भरून आणायची, म्हणून आईने तिला खारूताई म्हटलं. पुढे त्यातली ताई गळून गेली.

आता खारू चोवीस वर्षांची होती आणि विहिरीतलं सिमेंट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होती. पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी तिने परदेशातल्या सहा विद्यापीठांकडे अर्ज केले. चौघांनी गोड शब्दांत वाटेला लावलं, दोघांनी ये म्हटलं, आणि त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले.

एक विद्यापीठ मोठं, नावाजलेलं. वर्गात एकशेवीस जण, संगणकांची दालनंच्या दालनं, आणि शिकून बाहेर पडणाऱ्याला नोकरी ठेवलेलीच. शिवाय मावशीचं घर तिथून बसने वीस मिनिटांवर. दुसरं विद्यापीठ कुठल्याशा थंड बंदरातलं. वर्गात अकरा जण. आईने नकाशात ते गाव शोधलं, तर बोट ठेवल्यावर गावच झाकलं जायचं.

खारूला ते झाकलं जाणारंच हवं होतं. त्याला कारण होते तिथले एक प्राध्यापक. विहिरीतलं सिमेंट दगा का देतं, यावरचा त्यांचा लेख तिने वाचला होता. त्यातलं एक काही कळेना, म्हणून तिने दीड वर्षापूर्वी भीतभीत एक ईमेल केला. उत्तर आलं ते तीन पानांचं, हाताने काढलेल्या आकृत्यांसकट. मग तिने सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन एका जुन्या विहिरीच्या आकड्यांवरून तोच प्रयोग करून बघितला, तर उत्तर वेगळंच निघालं. तेही तिने कळवलं. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं पत्र हजर: 'तुझं बरोबर, माझं चूक. कुठे चुकलो ते शोधतो.'

"एवढा मोठा माणूस एका ओळीत चूक कबूल करतो, आई!"

"मास्तर कसा हवा?" आई इस्त्री फिरवता फिरवता विचारायची. "चुका कबूल करणारा की चुका न करणारा?"

"न करणारा मिळाला तर कळव मला."

"आणि आजारी पडलीस तर तिथे कोण आहे? इकडे मावशी तरी आहे."

"मावशी असली तर मी आजारी पडायला मोकळीच नाही. औषधापेक्षा तिचे सल्लेच जास्त."

उस्ताद या चर्चेत मूग गिळून बसायचे. बायकोने फारच ओढलं तर म्हणायचे, "विहीर कुठे खोदायची ते ड्रिलर ठरवत नाही. जागा दाखवली की खोदायची." पण मनातून त्यांना ते बंदराचं गाव आवडलं होतं. परमुलखातल्या एका अनोळखी मुलीला तीन पानं लिहिणारा माणूस जिथे असेल, तिथे पोर सुखात राहील असं त्यांना वाटत होतं.

होकार कळवायचा शेवटचा दिवस आज होता. बंदराच्या विद्यापीठाचा फॉर्म खारूने भरून ठेवला होता. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. आणि काल प्राध्यापकांचा निरोप आला, 'होकार देण्याआधी मला पंधरा मिनिटं दे. समोरासमोर बोलू.'

ठरल्या वेळी पडद्यावर त्यांचा चेहरा आला. झुपकेदार पांढऱ्या भुवया, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, हातात मोठा मग. इकडे दुपार होती, तिकडे नुकतं उजाडलं होतं. उस्ताद पडद्यात दिसणार नाहीत अशा बेताने बाजूच्या स्टुलावर बसले. ती भाषा त्यांना येत नव्हती. रिगवर कानावर पडलेले सिमेंट, पाइप, गॅस, प्रेशर एवढेच शब्द ओळखीचे. म्हणून ते ऐकण्याऐवजी बघत राहिले.

प्राध्यापकांच्या मागची फळ्यांची मांडणी रिकामी होती. पुस्तकं जिथे असतील तिथे फळीचा रंग गडद होता, बाकी फिका. खाली चिकटपट्टी लावलेली खोकी एकावर एक रचलेली. उस्तादांनी आयुष्यात चाळीस तरी तळ उठवले होते. हाही तळ उठतोय, हे खारूचा चेहरा पडायच्या आधीच त्यांनी ओळखलं.

पुढे काय बोलणं झालं ते खारूने नंतर त्यांना शब्दनशब्द सांगितलं.

"तू इथे येऊ नकोस," प्राध्यापक म्हणाले. नमस्कार-चमत्कार नाही, एक घाव दोन तुकडे. "माझी प्रयोगशाळा उन्हाळ्याच्या अखेरीस बंद होतेय आणि मी निवृत्त होतोय. हे जाहीर व्हायला अजून महिना आहे. तोवर तुझा प्रवेश पक्का होईल, आणि मग तुला कुणाच्या तरी हाताखाली, तुला नको असलेला विषय मिळेल. खरं तर हे मी तुला सांगायला नको होतं."

"सर, पण मी तरीही आले तर? वर्षभर तरी तुम्ही त्या गावातच असाल ना?"

"तू येशील याची खात्री होती, म्हणूनच तर आज हे समोर सांगतोय."

मग त्यांनी मग खाली ठेवला आणि भुवई खाजवली.

"तुझ्या दुसऱ्या विद्यापीठात एक बाई आहेत. तळघरात छोटी प्रयोगशाळा आहे त्यांची; माहितीपत्रकात तुला दिसणारही नाही. माझ्या विद्यार्थिनी होत्या. एकदा भर सभेत त्यांनी मला चूक ठरवलं, आणि मी नऊ वर्षं त्यांच्याशी बोललो नाही. तुझ्या त्या ईमेलनंतर मी माझे जुने कागद काढले. त्यांचंही बरोबर होतं. परवा त्यांना पत्र लिहिलं. आधी माफी मागितली, मग तुझ्याबद्दल लिहिलं."

"काय म्हणाल्या त्या?"

"दोनच शब्द. 'पाठवा तिला.' माफीबद्दल काही नाही. पण ते माझं मी बघेन. तू त्यांच्याकडे जा. तुमचं दोघींचं छान भांडण होईल."

खारूने ओठ घट्ट मिटले होते. उस्तादांना वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. मान हलवत राहिली, आणि त्या मान हलवण्यातच तिने दीड वर्षाचं स्वप्न घडी घालून बाजूला ठेवलं.

निरोप घेता घेता प्राध्यापक थांबले.

"एक विचारायचं राहिलं. तू ज्या जुन्या विहिरीच्या आकड्यांवरून सिमेंट बनवून बघितलंस, त्या आकड्यांबरोबर एका वहीचे फोटो होते. ती वही कुणाची?"

खारूने स्टुलाकडे बघितलं. "माझ्या बाबांची. त्या दिवशी ब्रेकवर तेच होते."

ते पडद्याकडे पुढे झुकले. मग ते म्हणाले, "आहेत का ते घरी?"

खारूने बाबांचा हात धरून त्यांना पडद्यासमोर ओढलं. उस्ताद गोंधळले. दोन पांढऱ्या भुवया त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"बाबा, ते तुमच्या वहीबद्दल विचारतायत. ती खिशातली. मी ट्रंकेतून नेली होती ना, जुने आकडे हवेत म्हणून?"

नेली होती खरी. उस्तादांना वाटलं होतं, पोरीला खोली वगैरे बघायची असेल. शेवटच्या पानापर्यंत ती जाईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते स्वतः बावीस वर्षांत त्या पानापर्यंत गेले नव्हते.

त्या पानावरच्या दिवशी सात जण ड्युटीवर गेले आणि सहा परत आले. पाइप खाली सोडून, त्याच्या बाहेरच्या पोकळीत सिमेंट भरून सहा तास झाले होते. सगळं ठीकठाक. उस्तादांनी दाबाचा काटा बघितला, खिशातून वही काढली आणि आकडा लिहायला मान खाली घातली. आकडा लिहून होतो तोच पायाखालचं लोखंड थरथरलं. त्यांनी वही खिशात कोंबली आणि विहीर बंद करायच्या हँडलवर झेप घेतली. पण तोवर गॅस वर आला होता, आणि गॅसमागोमाग आग. वर मनोऱ्यावर त्यांचा जोडीदार होता. सगळे त्याला डेरिकवाला म्हणायचे. त्याला उतरायला वेळच मिळाला नाही. रिग जळून कोळसा झाला, तपासायला काही उरलं नाही. चौकशीच्या अहवालात एक ओळ होती: 'विहीर बंद करण्यात कर्मचाऱ्यांकडून सुमारे दहा सेकंदांचा विलंब.' नाव कुणाचंच नव्हतं. उस्तादांना नावाची गरज पडली नाही. मान वहीत होती ते दहा सेकंद त्यांनी बायकोलाही कधी सांगितले नाहीत.

प्राध्यापक आता सावकाश, तुटक बोलत होते, आणि खारू बाबांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन एकेक वाक्य सांगत होती.

"म्हणतात, तुमच्या शेवटच्या नोंदीत पाइपच्या आतला दाब शून्य आहे. गॅस आतून येत असता तर काटा वर गेला असता. म्हणजे तो आतून आलाच नाही. सिमेंट घट्ट होताना बाहेर फट पडली, तिथून आला. अगदी सगळ्यात बाहेरच्या पाइपच्याही बाहेरून. मी तेच सिमेंट करून बघितलं, बाबा. आठ वेळा केलं. आठही वेळा फट पडली."

खारूने पडद्याकडे वळून पुढचं वाक्य ऐकलं.

"म्हणतात, तुमच्या हातातलं हँडल आतली वाट बंद करतं. बाहेरची नाही. मी पाठवलेल्या अहवालातले ते दहा सेकंद काय, दहा मिनिटं आधी ओढलं असतंत तरी काही फरक पडला नसता."

उस्तादांनी घसा साफ केला. "त्यांना विचार, तो शून्य मी बरोबर वाचला असेल कशावरून? घाईत चूकही झाली असेल."

खारूने विचारलं. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी खोक्यावरचा एक कागद उचलला, चष्मा लावला आणि बोटाने ओळी मोजल्या.

"त्या आधी दर अर्ध्या तासाला तुमची एक नोंद आहे, म्हणतात. अकरा नोंदी. वेळ, आकडा, सही. इतक्या नीट लिहिणारा माणूस बाराव्या वेळी शून्य वाचायला चुकत नाही. आणि म्हणतात, तुम्ही त्या क्षणी लिहीत नसतात, तर हे आज कुणालाच कळलं नसतं. हे सगळं ते लिहून, सही करून द्यायला तयार आहेत."

उस्तादांनी टेबलाची कड धरली. त्यांना त्या माणसाला खूप काही सांगायचं होतं, पण त्या भाषेत त्यांच्याकडे रिगवरचे शब्द तेवढे होते, आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. शेवटी त्यांनी सगळ्या जगाला येतो तो शब्द उच्चारला.

"थँक्यू."

प्राध्यापकांनी मान लववली. पडदा काळा झाला.

मग खारूने मोठ्या विद्यापीठाचा फॉर्म उघडला, नाव-पत्ता तपासला आणि बटण दाबलं. स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या आईने पडद्यावर वाचलं आणि तिथेच टाळी वाजवली.

"बघितलंस? शेवटी आईचं ऐकलंस! थांब, मावशीला फोन करते."

"कर," खारू म्हणाली. आईच्या विजयाचं खरं कारण तिला सांगायची कुणालाच घाई नव्हती.

उस्ताद आतल्या खोलीत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"आता कुठे निघालात?" फोनवर हात ठेवून आईने विचारलं.

"डेरिकवाल्याच्या घरी."

आईने फोन खाली घेतला. नवऱ्याचा रस्ता तिला पाठ होता. डेरिकवाल्याची बायको समोरून येताना दिसली की हा माणूस मिळेल त्या दुकानात शिरायचा. एकदा तर लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात शिरून झबली बघत बसला होता. तिने कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "कॉलर सरळ करा."

"मी येऊ?" खारूने विचारलं.

"चल. मला ते सिमेंटचं नीट सांगता येणार नाही."

डेरिकवाल्याच्या बायकोचं शिवणकामाचं दुकान दोन स्टॉप पुढे होतं. खाली दुकान, वर राहायची खोली. गळ्यात टेप अडकवून त्या कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होत्या. दारातल्या दोघांकडे बघून मशीनवरचा त्यांचा पाय थांबला.

"या भावजी," त्या म्हणाल्या, जणू कालच भेट झाली होती. "ही खारू ना? केवढी झालीस गं!"

उस्ताद उंबऱ्यातच उभे राहिले. "वहिनी, एक सांगायचं होतं. त्या दिवसाचं." आणि खारूकडे वळून म्हणाले, "सांग."

खारूने सांगितलं. टेबलावरचा बॉबिनचा डबा पाइप झाला, त्याला गुंडाळलेलं कापड सिमेंट झालं, आणि दोहोंमधून तिने करंगळी वर काढून गॅसची वाट दाखवली. मग तिने वहीतल्या नोंदी सांगितल्या, शेवटचा शून्यही सांगितला. डेरिकवाल्याच्या बायकोने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. टेपचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं, एवढंच चाललं होतं.

खारूचं संपलं तेव्हा उस्ताद म्हणाले, "म्हणजे त्या दहा सेकंदांनी काही झालं नाही, वहिनी. कुणाच्याच हातात नव्हतं."

"कुणाच्याच?" त्यांनी विचारलं. "ह्यांच्याही?"

उस्तादांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी डावा कान पुढे केला.

"वर मनोऱ्यावर असतो त्याला आधी दिसतं, म्हणतात ना," त्या म्हणाल्या. "वरून खाली ओरडायचं असतं. त्या दिवशी ह्यांच्या अंगात ताप होता. मी जाऊ नका म्हटलं नाही. गोळी दिली आणि पाठवलं. अहवालात ते उशीर झाल्याचं वाचलं, तेव्हा मला वाटलं, ह्यांना वर डुलकी लागली असणार. ह्यांच्यामुळे तुमचा कान गेला, बाकीची माणसं होरपळली. तुम्ही मला रस्त्यात टाळायचात..." त्या थांबल्या. "मी म्हणायचे, टाळणारच. कोणत्या तोंडाने मी हाक मारू?"

"अहो वहिनी, मी तर..." उस्ताद म्हणाले, आणि उंबरा ओलांडून आत आले.

रस्त्यावरून एक टेम्पो खडखडत गेला. डेरिकवाल्याच्या बायकोने उठून खुर्चीवरचे पडदे उचलले, कपाटावर टाकले आणि खुर्ची हाताने झटकली.

"उभे काय राहिलात? बसा ना."

उस्ताद बसले. खारू तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली, आणि दोघांनी सांगितलं म्हणून तिने डबा, कापड आणि करंगळी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मध्येच दोघांपैकी कुणीतरी म्हणायचं, "हे एवढं परत सांग," आणि ती परत सांगायची.